तेवढ्याच विजेत जास्त माल: कार्बनचे नियम आणि आपला कारखाना

मोठ्या कंपन्यांकडून ऑर्डरसोबत हल्ली एक फॉर्म येतो. वर्षाला वीज किती युनिट, डिझेल किती, माल किती निघाला? हे कशाला भरायचं, असं आमचे बरेच ग्राहक विचारतात. त्यांच्यासाठी हे पत्रक.

हा फॉर्म कार्बनच्या, म्हणजे वीज-इंधन वापरताना हवेत सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या, हिशोबासाठी असतो. शहराने कार्बन कमी करायचा म्हणजे कारखान्यांनी काम आवरतं घ्यायचं, हा समज आधी बाजूला ठेवा. चीनने 2010 मध्ये कमी कार्बनच्या प्रयोगासाठी शहरं निवडली, त्यात शेन्झेन होतं. तिथे जून 2013 मध्ये कार्बनच्या कोट्याची, म्हणजे किती कार्बन सोडता येईल त्या परवानगीची, खरेदी-विक्री सुरू झाली. पहिल्या टप्प्यात 635 उद्योग आले. कारखान्याला कोटा देताना त्याच्या मूल्यवर्धनामागे, म्हणजे कच्च्या मालावर काम करून त्याची किंमत जेवढी वाढवली त्यामागे, किती कार्बन सुटतो, हे पाहिलं गेलं. म्हणजे धंदा वाढवायला आडकाठी नव्हती. कमी इंधनात जास्त किमतीचं काम करणाऱ्याचा कोटा उरायचा आणि तो विकता यायचा. हरित उत्पादकता म्हणतात ती हीच.

आपल्याकडची 2023 ची कार्बन क्रेडिट योजनाही मालाच्या प्रमाणात उत्सर्जन मोजते. छोटे कारखाने त्यात थेट येत नाहीत. पण युरोपात पोलाद, ॲल्युमिनियम, अगदी नट-बोल्ट गेले तरी 1 जानेवारी 2026 पासूनच्या मालावर तिथल्या आयातदाराला कार्बनचे पैसे मोजावे लागतात. तो निर्यातदाराकडे आकडे मागतो, निर्यातदार तुमच्याकडे.

एक पळवाट मात्र आम्हाला मान्य नाही. भट्टी शहराच्या हद्दीबाहेर नेली की शहराचा आकडा सुधारतो, धूर तेवढाच राहतो. असा सल्ला आम्ही कुणालाही देणार नाही.

वीज वाचवायची सुरुवात हवेच्या कॉम्प्रेसरपासून करा. शिफ्ट सुटल्यावर हवेवरची सगळी टूल्स बंद करा, कॉम्प्रेसर तेवढा चालू ठेवा आणि घड्याळ घेऊन उभे राहा. हवा कुणीच वापरत नसताना तो लोड घेतो, म्हणजे हवा भरायला लागतो, ती सगळी गळती. दोन मिनिटं लोड आणि आठ मिनिटं अनलोड (हवा न भरता नुसता फिरणं), असं चक्र असेल तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली 20 टक्के हवा वाया जाते आहे. सात बार प्रेशरच्या हवेच्या लाइनला 3 मिलिमीटरचं एकच भोक असलं तरी साधारण 3 किलोवॅट वीज त्यात जाते. दोन शिफ्टमध्ये जवळजवळ 48 युनिट, रोज! कपलर, होजच्या क्लिपा, फिल्टरची वाटी, ड्रेन कॉक या जागी साबणाचं पाणी लावा, बुडबुडे लगेच दिसतील. मग मशीनला खरोखर किती प्रेशर लागतं ते बघा. एक बार कमी करता आलं तर कॉम्प्रेसरची 6 ते 7 टक्के वीज वाचते.

सोलर जरूर बसवा, आम्हीही बसवतो. पण गळती काढल्यावर. नाहीतर वाया जाणाऱ्या हवेसाठी पॅनेल विकत घेतल्यासारखं होईल आणि किती किलोवॅटचं घ्यायचं, याचा हिशोबही चुकेल.

आमचा माणूस पाहणीला येण्याआधी मागच्या 12 महिन्यांची वीजबिलं आणि त्याच महिन्यांचं उत्पादन, किलोत किंवा नगांत, काढून ठेवा. उत्पादनाचं रजिस्टर नसेल तर डिस्पॅचची चलनं चालतील. त्यावरून दर किलोमागे किती युनिट, हा आकडा महिन्यागणिक काढून देतो. फॉर्ममधले विजेचे आणि मालाचे वर्षाचे आकडेही याच कागदांवरून भरता येतात.