आकडा चुकणं वेगळं, आकडा न पोचणं वेगळं

दंडावर साखर सतत मोजणारा ग्लुकोज सेन्सर लावला की एक सल्ला हमखास मिळतो: ‘मोबाइल लांब ठेव, लहरींनी साखर चुकीची दिसते.’ हे ऐकून फोन दुसऱ्या खोलीत ठेवणारा माणूस रात्री साखर उतरल्याचा अलार्मच गमावून बसतो.

साखर मोजण्यात रेडिओलहरींचा संबंध नाही. त्वचेखालच्या द्रवात काही मिलिमीटरची बारीक तार असते. तिच्यावरचं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन सोडवतं आणि नॅनोअँपिअरमध्ये मोजावा लागेल इतका क्षीण प्रवाह मिळतो. 1 नॅनोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे 624 कोटी इलेक्ट्रॉन! ब्लूटूथची लहर साधारण 12 सेंटिमीटर लांब. एवढीशी तार तिच्यासाठी फारच आखूड अँटेना. शिवाय सर्किटमध्ये फिल्टर असतातच.

तयार झालेला आकडा ब्लूटूथने फोनकडे जातो. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या याच पट्ट्यात वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचीही गर्दी असते. म्हणून जोडणी 37 चॅनेलांवर सतत उड्या मारते. प्रत्येक पॅकेटच्या शेवटी 24 बिटांची पडताळणी-संख्या असते. वाटेत एक बिट जरी उलटला तरी हिशोब जुळत नाही, फोन ते पॅकेट टाकून देतो आणि सेन्सर पुन्हा पाठवतो. त्यामुळे गोंगाटात 140 चे 240 होत नाहीत. आलेखात खंड पडतो, ‘सिग्नल लॉस’ दिसतो. या लहरी शरीरातलं पाणीही शोषतं. झोपताना फोन सेन्सरच्या बाजूला, हाताच्या अंतरावर ठेवावा.

फोनवर चिकटवायचे ‘रेडिएशनरोधक’ स्टिकर घेऊ नयेत. धातूचा थर असेल तर सिग्नलच अडतो, नसेल तर काहीच होत नाही.

आकडा खरोखर चुकवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. सेन्सर अंगाखाली दाबून झोपलात तर तिथला द्रवपुरवठा घटतो आणि साखर खोटी कमी दिसते. कूस बदलली की आकडा हळूहळू सावरतो. काही मॉडेलांत दिवसाला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी पोटात गेलं तर साखर खोटी जास्त दिसते, कारण तेही इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन सोडतं. त्या आकड्यावर इन्सुलिन घेणं धोक्याचं. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर आधी बोटाचं रक्त तपासावं.

एमआरआय किंवा फिजिओथेरपीतला डायथर्मीचा (उच्च वारंवारतेच्या लहरींनी दिलेला) शेक यांची गोष्ट निराळी. तिथली क्षेत्रं घरातल्या उपकरणांपेक्षा कितीतरी तीव्र असतात, धातू तापू शकतो. आपल्या मॉडेलच्या पत्रकात स्पष्ट परवानगी नसेल तर सेन्सर काढूनच आत जावं आणि नंतर नवा लावावा; काढलेला परत बसत नाही. अशा तपासणीची तारीख सेन्सर संपण्याच्या दिवशी मागून घेतली तर एक सेन्सर वाचतो.