जुन्या चेनसॉतील इग्निशन : पॉइंट आणि इलेक्ट्रॉनिक

चेनसॉच्या इंजिनाला बॅटरी नसते. फ्लायव्हीलमधले, म्हणजे क्रँकशाफ्टवरच्या जड चाकातले, चुंबक कॉइलसमोरून फिरले की तिच्या प्राथमिक वेटोळ्यात प्रवाह तयार होतो. तो ऐन वेळी तोडला की दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उठतो आणि प्लगला ठिणगी मिळते. जुन्या यंत्रांत हा प्रवाह पॉइंट, म्हणजे उघडमीट होणारे धातूचे दोन संपर्क, तोडतात. क्रँकशाफ्टवरचा कॅम त्यांना उघडतो, आणि उघडताना ते जळू नयेत म्हणून कंडेन्सर समांतर जोडलेला असतो. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलमध्ये हेच काम ट्रान्झिस्टर करतो.

जुने यंत्र दुरुस्तीला घेतले की ‘पॉइंट काढून मॉड्यूल टाकू’ हा विचार फार लवकर येतो. आधी बिघाड कुठे आहे ते शोधावे. वर्षानुवर्षे पडून असलेल्या चेनसॉत पॉइंट बहुधा झिजलेले नसतात, त्यांवर नुसता ऑक्साइडचा पापुद्रा चढलेला असतो. बारीक पॉलिश पेपर फिरवून, मग स्पिरिटने भिजवलेला स्वच्छ कागद दोन टोकांमधून ओढला की कित्येकदा ठिणगी परत येते. पॉइंटमधली फट, म्हणजे गॅप, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) लावावी. बऱ्याच यंत्रांत ती ०.३ ते ०.५ मिमी असते, पण नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्यावा, कारण गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग बदलते, म्हणजे ठिणगी लवकर पडते. पॉइंट पुन्हापुन्हा तेलकट होत असतील, तर दोष क्रँक सीलचा, म्हणजे क्रँकशाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या कड्याचा, असतो. सील बदलल्याशिवाय साफसफाई टिकत नाही.

मॉड्यूल पॉइंट आणि कंडेन्सरची जागा घेते, कॉइलची नाही. यंत्र तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा चालू होत असेल, तर कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय घ्यावा. कॉइलच गेली असेल, तर मॉड्यूलने काही साधत नाही. कॉइल चांगली असेल, तर मॉड्यूलचा फायदा खरा आहे: झिजणारे काही उरत नाही, आणि गॅप लावण्यासाठी पुलरने (ओढून काढायच्या हत्याराने) फ्लायव्हील काढावे लागत नाही. जोडताना पॉइंटकडे जाणारी वायर मात्र सोडवायलाच हवी.

सर्वात दुर्लक्षित मुद्दा टायमिंगचा. मॉड्यूल कॅमकडे पाहत नाही. कॉइलमधला प्रवाह ठरावीक पातळीला पोचला की ते चालते, त्यामुळे ठिणगीचा क्षण मूळ जागेवरून हलू शकतो. दोरी ओढताना हाताला उलटा झटका बसला, तर ठिणगी फार लवकर पडते आहे असे समजावे. काही यंत्रांत फ्लायव्हीलची चावी, म्हणजे त्याला शाफ्टवर एकाच जागी धरणारा छोटा तुकडा, काढून फ्लायव्हील थोडे फिरवून बसवावे लागते. म्हणून मॉड्यूल बसवल्यावर टायमिंग लाइटने (ठिणगीच्या क्षणी चमकणाऱ्या दिव्याने) तपासणी करणे मी अनिवार्य मानतो.

रोज लाकूड कापायच्या यंत्राला मॉड्यूल शोभते. संग्रहात ठेवायच्या, मूळ भाग शाबूत असलेल्या चेनसॉत पॉइंटच राहू द्यावेत. मॉड्यूल बसवलेच, तर काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर यंत्रासोबत डबीत जपून ठेवावेत.