घरात निघालेली जुनी लष्करी बंदूक: खरेपणा, किंमत आणि परवान्याची कागदपत्रं (कोल्हापूर जिल्हा)

पन्हाळा, कागल, शाहूवाडीकडच्या जुन्या घरांत वाटणीच्या वेळी माळ्यावरून बंदूक निघते आणि पहिला प्रश्न येतो, हिचे किती येतील? त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: बंदूक नेमकी कोणती आहे आणि तिचा परवाना कुणाच्या नावावर होता. या दोन्हींवरच किंमत ठरते.

हात लावण्यापूर्वी एक काळजी घ्या. ठासणीच्या (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुकीत जुनी दारू आणि गोळी तशीच राहिलेली असू शकते. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून लाकडी काठी नळीत अलगद शेवटपर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा आणि तीच काठी नळीच्या बाहेरून लावून पाहा. खूण तोंडापाशी धरल्यावर काठीचं टोक कानाच्या छिद्राच्या (दारूला ठिणगी पोचते त्या नळीच्या बुडाजवळच्या छिद्राच्या) दोन-तीन इंच अलीकडेच संपत असेल, तर आत काहीतरी आहे. ते स्वतः काढू नका, पोलीस ठाण्याला कळवा.

खरेपणा कशावरून

पॅटर्न १८५३ एनफिल्ड या ठासणीच्या ब्रिटिश रायफलीची नळी ३९ इंचांची असते, तिला तीन कड्या असतात आणि बोअर (नळीचा आतला व्यास) .५७७ इंच. कळीच्या पट्टीवर (घोडा बसवलेल्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर) मुकुट, वर्ष आणि बऱ्याचदा ‘टॉवर’ असा ठसा असतो. १८५७ नंतर देशी पलटणींना मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या, त्यामुळे आत पेच (वळणदार खाचा) नाहीत एवढ्यावरून बंदूक नकली ठरवू नका. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या) बंदुकीवर मुकुट धरलेला सिंह किंवा त्याहून जुना हृदयाच्या आकाराचा शिक्का दिसतो.

ली-एनफिल्डच्या (बोल्ट मागेपुढे करून उडवायच्या .३०३ बोअरच्या लष्करी रायफलीच्या) बाबतीत दस्त्याच्या वरची लोखंडी पट्टी वाचा. तिच्यावर मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना, वर्ष आणि मार्क (रायफलीची आवृत्ती) असतं. इशापूरच्या (बंगालमधल्या सरकारी कारखान्याच्या) काही रायफलींवर ‘जीआरआय’ ही राजा-सम्राट जॉर्जची अक्षरं आढळतात. मग नंबर ताडून पाहा: रिसीव्हर, बोल्टची मूठ, मागची साइट आणि पुढची टोपी. चारही जुळले तर भाग मूळचे मानता येतात. बोल्टचा नंबर वेगळा असेल तर भाव बराच खाली येतो. ‘डीपी’ हा ठसा म्हणजे कवायतीसाठी बाद केलेली रायफल.

वायव्य सरहद्दीकडच्या दऱ्यांत हाताने घडवलेल्या नकला पुष्कळ फिरतात. उलटं कोरलेलं ‘एन’, वाकडी अक्षरं, चुकलेलं स्पेलिंग ही त्यांची लक्षणं. सगळ्यात मोठी खूण म्हणजे १९०१ नंतरच्या वर्षासोबत ‘व्हीआर’ ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरं. ती १९०१ मध्येच वारली.

कोल्हापुरात ‘राजाराम रायफल्सची बंदूक’ असं सांगून भाव वाढवला जातो. ही संस्थानची पलटण पुढे १९ मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, हे खरं आहे. पण जुन्या परवान्यात, पावतीत किंवा बंदुकीवरच्या खुणेत तसा पुरावा नसेल तर त्या बोलण्याचे पैसे देऊ नका.

घासूनपुसून चमकवू नका. गंजासोबत ठसेही जातात, आणि शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ८ नुसार नाव किंवा नंबर मिटवणं, बदलणं हा गुन्हा आहे. घासलेली बंदूक किंमत गमावते आणि मालकावर संशय आणते.

परवाना लागतो का?

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. ‘शंभर वर्षं जुनी म्हणजे मोकळी’ हे चूक आहे. कलम ४५ ची सूट फक्त अशा जुन्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे जे दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. चाप तुटलाय किंवा घोडा नाही म्हणून सूट मिळत नाही, कारण हे भाग बसवता येतात. २०२० च्या दुरुस्तीने ‘क्युरिओ’ (जुनी संग्राह्य वस्तू) गटातलं शस्त्र परवान्याशिवाय घेण्याची आणि बाळगण्याची मुभा दिली, पण वापरायला, नेआण करायला परवाना लागतोच. आपलं शस्त्र त्या गटात बसतं का, हे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावं. तोवर मूल्यमापनाला बंदूक घेऊन फिरू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले ठशांचे फोटो पुरतात.

.३०३ रायफल ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये (प्रतिबंधित बोअरमध्ये) येते. तिच्या परवान्याचा अधिकार केंद्रीय गृहमंत्रालयाकडे आहे आणि म्हणून घेणारे मोजके. उत्तम स्थितीतल्या रायफलीलाही इथे भाव कमी मिळतो तो यामुळेच.

वारसाचा अर्ज

परवानाधारक वारल्यावर बंदूक घरी ठेवू नका. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. मालक हयात असतील तर त्यांना ७० वर्षं पूर्ण झाल्यावर, किंवा बंदूक २५ वर्षं बाळगल्यावर (जे आधी येईल ते) ते वारस सुचवू शकतात.

अर्जदाराचं वय किमान २१ हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारसाची धरून एका व्यक्तीकडे दोनच बंदुका राहू शकतात, म्हणजे आधीच्या दोन असतील तर एक सोडावी लागेल.

अर्ज ए-१ नमुन्यात, शस्त्र परवान्याच्या केंद्रीय पोर्टलवर भरून त्याची प्रत नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. सोबत मूळ परवाना, मृत्यू दाखला, वारसांचा पुरावा, बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, ओळख, वय आणि रहिवासाचे पुरावे, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, शारीरिक-मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि जमा पावती. त्यानंतर पोलीस चौकशी होते.

अर्ज बहुतेक दोन कारणांनी अडकतो. परगावी नांदणाऱ्या बहिणीची सही राहते. किंवा परवान्यावरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर जुळत नाही, कारण पूर्वीच्या कारकुनाने ‘३’ चा ‘८’ वाचलेला असतो. नंबरचा जवळून काढलेला फोटो जोडा आणि दुरुस्तीचा अर्ज वेगळा द्या.

विकायची असेल तर घेणाऱ्याकडे त्या बोअरचा परवाना हवा. परवाना प्राधिकारी आणि पोलीस ठाणे, दोघांना लेखी कळवून ४५ दिवस उलटल्यावरच ती हाती द्यायची. परदेशी पाठवायचा विचार असेल, तर १०० वर्षांहून जुनी बंदूक १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि खाजगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही.