डीएसएम आणि डीटीएम : फाईलमधली उंची जमिनीची की उसाची?

सोलापूरचा भुईकोट डोळ्यांसमोर आणा. तट, बुरूज, आतली झाडं, भोवती खंदक. हाच किल्ला उंचीच्या दोन फायलींत पाहिला तर दोन वेगळी चित्रं दिसतात. डीएसएम म्हणजे डिजिटल सरफेस मॉडेल. त्यात तटाचा माथा येतो, बुरूज येतात, झाडांचे शेंडेही येतात. डीटीएम म्हणजे डिजिटल टेरेन मॉडेल. त्यातून तट आणि झाडं काढून टाकलेली असतात, पण खंदक राहतो, कारण तो जमिनीतच खोदलेला आहे.

घोळ होतो तो डीईएम, म्हणजे डिजिटल एलिव्हेशन मॉडेल, या तिसऱ्या नावामुळे. कुणी ते डीटीएमसाठी वापरतं, कुणी दोन्हींसाठी सरसकट. फाईलच्या शेपटीवरून काही कळत नाही. जिओटिफ असो की एचजीटी, आत नुसते चौकोनाचौकोनांतले उंचीचे आकडे असतात.

फुकट मिळणाऱ्या फायलींत सगळ्यात जास्त वापरली जाते ती एसआरटीएम, म्हणजे शटल रडार टोपोग्राफी मिशनची. फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एंडेव्हर अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने हे मोजमाप केलं. एक चौकोन साधारण ३० मीटरचा. रडारच्या लाटा झाडीत थोड्या शिरतात आणि परततात, त्यामुळे दाट झाडीत मिळणारी उंची धड शेंड्याची नसते, धड जमिनीचीही नसते. कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या जोडचित्रांवरून इस्रोने केलेलं कार्टोडेम आणि युरोपचं कोपर्निकस हीदेखील पृष्ठभागाचीच मॉडेल आहेत. ब्रिस्टल विद्यापीठाच्या फॅबडेममध्ये कोपर्निकसमधली झाडं आणि इमारती गणिताने वजा केल्या आहेत. ते जमिनीच्या जवळ जातं, पण तो अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे.

डोंगराळ भागात हा फरक पुष्कळदा खपून जातो. शे-दोनशे मीटरच्या चढात तीन मीटर इकडेतिकडे झाले तरी ओढा आपली जागा सोडत नाही. आपल्याकडे तसं नाही. सीना नदीच्या काठाने मैलभर चाललं तरी चढ जाणवत नाही. त्यात एसआरटीएमच्या एचजीटी फायलीत उंची पूर्ण मीटरमध्येच असते, त्यामुळे सपाट रानावर पायऱ्या पायऱ्या उमटतात. शेताचा बांध किंवा शेततळ्याची जागा ठरवायला ही फाईल वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अख्ख्या पाणलोटाचा ढोबळ नकाशा काढायला ती चांगली.

मग लोक ड्रोनकडे वळतात, आणि खरी फसगत तिथे होते. मोहोळ तालुक्यातल्या एका गावासाठी आम्ही जानेवारीत ड्रोन उडवला. फोटो उत्तम आले, उंची सेंटिमीटरमध्ये मिळाली. समोच्च रेषा काढल्या, पाण्याची वाट आखली आणि नकाशा गावात नेला. एक म्हातारे शेतकरी बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आवो, वढा हितनं कुठं जातुय? त्यो तर माझ्या उसातनं जातुय." ऊस अडीच-तीन मीटर उभा होता. आमच्या मॉडेलला तो धरणाच्या भिंतीसारखा दिसला आणि पाणी त्याला वळसा घालून गेलं.

सॉफ्टवेअरमध्ये 'ग्राउंड' निवडून डीटीएम काढता येतंच की, असं कुणी म्हणेल. पण ड्रोनच्या कॅमेऱ्याला दाट उसाखालची माती दिसलेलीच नसते. सॉफ्टवेअर कडेच्या बांधांवरचे बिंदू घेऊन मधली जागा भरतं. फाईलवर नाव डीटीएमचं, आत मात्र तर्क. लायडार म्हणजे लेझरने अंतर मोजणारं यंत्र; त्याचे किरण पानांच्या फटींतून खाली पोचू शकतात, म्हणून तिथे जमीन मिळण्याची शक्यता जास्त. लायडार परवडत नसेल तर तोडणी उरकून रान मोकळं होईपर्यंत थांबावं, एप्रिल-मेमध्ये उडवावं.

डीटीएम मिळालं तरी पाण्याचं काम संपत नाही. त्यातून पूल काढलेले असतात, पण रस्त्याचा भराव जमीन म्हणून तसाच राहतो आणि त्याखालची मोरी दिसत नाही. संगणकावर पाणी भरावाला अडून खोटं तळं होतं. प्रत्येक मोरीपाशी भराव हाताने कापावा लागतो, त्यासाठी आधी गाव पायी फिरावं लागतं. तलावाचंही तेच. एसआरटीएममध्ये हिप्परगा तलावाच्या जागी त्या दिवसांतल्या पाण्याची पातळी आहे, तळ नाही. साठवण क्षमता यावरून काढू नका.

मग डीएसएम वाईट का? मुळीच नाही. सौर पॅनेलवर सावली कुठून येईल, मोबाइलचा टॉवर कुठवर पोचेल, विमानाच्या वाटेत काय उभं आहे, हे डीटीएम सांगूच शकत नाही. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाजवळची साखर कारखान्याची उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, तेव्हा प्रश्न पृष्ठभागाचाच होता. तरी इथेही जपून: ३० मीटरच्या चौकोनात बारीक चिमणी सरासरीत विरघळून जाते. अडथळे स्वतंत्रपणे मोजावे लागतात.

दोन्ही फायली हाताशी असतील तर एकीतून दुसरी वजा करा. उरते ती झाडांची नि घरांची उंची. एकच असेल तर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळखीच्या जागेवरून आडवी रेष मारून उंचीचा छेद पाहा. आमराईपाशी रेष उंचावली आणि पलीकडे लगेच खाली आली, तर हातात डीएसएम आहे.