आवरणयुक्त चुंबकीय नॅनोकण

लोखंडाच्या ऑक्साइडचा साधारण ५ ते २० नॅनोमीटर व्यासाचा गाभा आणि त्याभोवती शर्करेपासून बनवलेले बहुवारिक (पॉलिमर), सिलिका किंवा तत्सम पदार्थाचा पातळ थर, अशी या कणांची रचना असते. गाभा बहुधा मॅग्नेटाइटचा किंवा मॅग्हेमाइटचा असतो. माणसाच्या केसाच्या जाडीत असे हजारो कण शेजारी शेजारी मावतील. एमआरआय तपासणी, कर्करोगावरील उष्णता-उपचार, पंडुरोग, लसिकाग्रंथींचा (लिम्फ नोड) शोध आणि प्रयोगशाळेत पेशी किंवा आरएनए वेगळे काढणे, एवढ्या ठिकाणी ते वापरले गेले आहेत. चुंबकाचा संबंध गाभ्याशी, शरीराचा संबंध आवरणाशी. म्हणून या कणांच्या वैद्यकीय इतिहासात गाभ्यापेक्षा आवरणाचीच कहाणी मोठी आहे.

गाभा एवढा लहान का ठेवतात, हे आधी समजून घ्यायला हवे. लोखंडाची सुई चुंबकावर घासली की चुंबक दूर केल्यावरही तिच्यात चुंबकत्व उरते. रक्तात सोडलेले कण असे वागले, तर ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होतील आणि केशवाहिन्या तुंबतील. कण पुरेसा लहान असला की साध्या उष्णतेच्या हेलकाव्यांनीच त्याच्या चुंबकत्वाची दिशा सतत उलटसुलट होत राहते. बाहेरून क्षेत्र लावले की कण जोरात प्रतिसाद देतो, क्षेत्र काढले की काहीच उरत नाही. या गुणाला अतिसमचुंबकत्व म्हणतात. त्यामागचा सिद्धांत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४९ मध्ये मांडला. चुंबकत्वावरील संशोधनासाठी त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कण तयार करण्याची सर्वांत रुळलेली रीत सहअवक्षेपणाची आहे. लोहाचे फेरस आणि फेरिक क्षार १:२ या प्रमाणात पाण्यात विरघळवून ढवळत ढवळत अमोनिया घालतात. पिवळसर-नारिंगी द्रावण पाहता पाहता काळेकुट्ट होते. चंचुपात्राखाली चुंबक धरला की काळा साका तळाशी ओढला जातो आणि वर नितळ पाणी उरते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा क्षण विसरता येत नाही. पण आवरण न घालता हे कण तसेच ठेवले, तर ते गोळा होतात आणि हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू तपकिरी पडतात. नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ मध्ये चुंबकीय द्रव बनवला, तेव्हा मॅग्नेटाइटचे कण सुटे राहावेत म्हणून त्यांना ओलिक आम्लाचा लेप दिला होता. त्यांना वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने खेचायचे होते. औषधाचा विचार तेव्हा कुठेच नव्हता.

शरीरात प्रश्न अधिक अवघड होतो. कण रक्तात शिरताच प्रथिने त्याला चिकटू लागतात. ती खूण ओळखून यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी कण गिळून टाकतात. डेक्स्ट्रान व कार्बोक्सिडेक्स्ट्रान ही शर्करेची बहुवारिके किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे कृत्रिम बहुवारिक यांचे आवरण हे चिकटणे कमी करते आणि कण रक्तात जास्त वेळ टिकतो. सिलिकेवर किंवा अमाइन (नायट्रोजनयुक्त) गट असलेल्या आवरणावर प्रतिपिंडे व औषधे जोडता येतात.

गिळले जाण्याचाच उपयोग करून घेणारे औषधही निघाले. डेक्स्ट्रानचे आवरण असलेल्या फेरिडेक्सला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. निरोगी यकृतातल्या कुप्फर पेशी, म्हणजे तिथल्या भक्षक पेशी, हे कण टिपून घेतात, त्यामुळे एमआरआयमध्ये तो भाग काळवंडतो. कर्करोगाच्या गाठीत अशा पेशी क्वचितच असतात, म्हणून ती काळ्या पार्श्वभूमीवर उजळ दिसते. कल्पना सुंदर होती, पण २००० च्या दशकाच्या अखेरीस हे औषध बाजारातून गेले.

फेरुमॉक्सिटॉलचा प्रवास याहून बोलका आहे. मुळात एमआरआयच्या दिशेने सुरू झालेल्या या औषधाला २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या पंडुरोगावर. त्याचे कर्बोदकी आवरण लोह एकदम सुटू देत नाही, त्यामुळे ५१० मिलिग्रॅम लोह एका वेळी शिरेतून देता येते. मात्र गंभीर, काही वेळा जीवघेण्या अॅलर्जीमुळे २०१५ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापणे बंधनकारक झाले. आता ते सलाइनमध्ये मिसळून सावकाश देतात आणि नंतर किमान अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवतात.

कर्करोगाची गाठ कणांनी तापवण्याची कल्पना जुनी आहे. गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्येच लसिकाग्रंथींवर तसे प्रयोग प्रसिद्ध केले. कण गाठीत टोचायचे आणि बाहेरून वेगाने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र लावायचे. कण तापतात आणि गाठ ४२–४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. बर्लिनमध्ये आंद्रेआस योर्डान यांच्या पुढाकाराने विकसित झालेल्या उपचारात सुमारे १२ नॅनोमीटर गाभ्याचे, अमिनोसिलेन या सिलिकॉनयुक्त पदार्थाचे आवरण असलेले कण वापरले गेले. आवरणामुळे ते टोचलेल्या जागीच टिकून राहतात आणि उपचार पुन्हा पुन्हा करता येतो. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा आक्रमक कर्करोग परतलेल्या रुग्णांवर, किरणोपचारासोबत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. त्यात परतीच्या निदानानंतरचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १३.४ महिने होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे या आकड्यावर फार मोठी इमारत उभारू नये. रुग्णाला सोसावे लागणारेही कमी नाही: उपचाराच्या जागेपासून ४० सेंटीमीटरच्या आत धातू चालत नाही, म्हणून दातांतले धातूचे भरण आणि टोप्यासुद्धा आधी काढाव्या लागत. भारतात या विषयावर मुंबईची आयआयटी आणि भाभा अणुसंशोधन केंद्र येथे संशोधन झाले आहे.

चुंबकाने औषध थेट गाठीपर्यंत ओढून नेण्याचे आकर्षण मोठे आहे. १९९६ मध्ये १४ रुग्णांवर एपिरुबिसिन हे कर्करोगाचे औषध वाहणाऱ्या कणांची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. पण चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने घटते. त्वचेजवळच्या गाठीत जे जमते ते पोटातल्या खोल गाठीत जमत नाही, आणि अजून तरी ही पद्धत नेहमीच्या उपचारात आलेली नाही.

सर्वाधिक माणसांच्या कामी हे तंत्र शरीराबाहेर आले. कोरोनाच्या काळात महाराष्ट्रासह जगभरच्या प्रयोगशाळांत विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) काढण्यासाठी सिलिकाचे आवरण असलेले चुंबकीय मणी वापरले गेले. हे मणी पुष्कळदा मायक्रोमीटरच्या मापाचे असतात, पण त्यांच्या पोटात नॅनोकणच असतात. स्वॅबच्या द्रवात ग्वानिडिनचा क्षार आणि मणी घातले की आरएनए सिलिकेला चिकटतो. ९६ खाचांची प्लेट चुंबकावर ठेवली की प्रत्येक खाचेच्या भिंतीला तपकिरी ठिपका जमतो. द्रव पिपेटने काढायचा, अल्कोहोलने धुवायचे आणि शेवटी थोड्या पाण्यात आरएनए सोडवून घ्यायचा.

स्तनाच्या कर्करोगात गाठीजवळची पहिली लसिकाग्रंथी शोधण्यासाठी कार्बोक्सिडेक्स्ट्रानचे आवरण असलेल्या कणांचे मॅगट्रेस हे इंजेक्शन वापरतात. अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. किरणोत्सारी द्रव्य नसल्याने जिथे अणुवैद्यक विभाग नाही अशा रुग्णालयांना ते सोयीचे पडते. ग्रंथी तपकिरी होते आणि हातातल्या चुंबकीय शोधकाने सापडते.

लोह शरीराला परके नाही. प्रौढ माणसात ते ३–४ ग्रॅम असतेच, आणि विघटित कणांतले लोह हळूहळू त्याच साठ्यात मिसळते. कोबाल्ट किंवा निकेल असलेल्या गाभ्यांना ही सवलत नाही. टोचलेल्या जागी मात्र कण दीर्घकाळ राहू शकतात. मॅगट्रेसनंतर त्वचेवर तपकिरी डाग अनेक महिने दिसू शकतो, आणि तोवर त्या स्तनाच्या एमआरआयमध्ये तेवढा भाग काळाच येतो. म्हणून एमआरआय लागणार असेल तर तो इंजेक्शनच्या आधी करून घेतात.