जहाजावरच्या शांततेला वेगळं तिकीट का लागतं?

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या टूरवाल्याकडे सिंगापूर-मलेशियाची चौकशी केली की हल्ली तीन-चार रात्रींची क्रूझ त्यात जोडून मिळते. केबिन, तिन्ही वेळचं जेवण, पोहण्याचा तलाव, रात्रीचा शो, सगळं तिकिटातच आहे असं सांगितलं जातं. मग जहाज कंपनीचं ॲप उघडलं की कधीकधी एक वेगळीच ओळ दिसते: फक्त मोठ्यांसाठी राखीव डेक, अर्ध्या दिवसाचे इतके डॉलर, पूर्ण दिवसाचे तितके. एकदा तिकीट काढल्यावर त्याच जहाजाच्या वरच्या मजल्यावर बसायचे पुन्हा पैसे कशाचे, हा प्रश्न रास्त आहे. ही पद्धत कशी आली ते पाहिलं की पैसे द्यायचे की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. मोठ्यांसाठी राखीव म्हटलं की तिथे काही भलतंच चालत असेल असं वाटतं, पण त्याचा अर्थ तिथे लहान मुलं नसतात, इतकाच. जाड गादीच्या आरामखुर्च्या, वर कापडी छत, हलकं खाणं-पिणं आणून देणारा माणूस आणि लाउडस्पीकरला मज्जाव, अशी ही जागा असते. सत्तरीच्या आई-वडिलांना निर्धास्त बसवून यावं अशी.

डेकवर बसायचे पैसे घेणं नवीन नाही. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या बोटींवर डेक वर्गानुसार विभागलेला असे. पहिल्या वर्गाच्या डेकवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला पाऊल टाकता येत नसे. मध्ये फाटकं असत. आणि पहिल्या वर्गातही खुर्ची फुकट नव्हती. 1912 च्या टायटॅनिकवर डेकची खुर्ची पूर्ण प्रवासासाठी 4 शिलिंग भाड्याने मिळे, अंगावर घ्यायची लोकरी शाल वेगळी. वेताची बैठक असलेली ती घडीची लाकडी खुर्ची असे. पाठीच्या पट्टीवर नावाची चिठ्ठी बसवायला लहानशी चौकट असे आणि डेकवरचा सेवक तीत प्रवाशाचं नाव सरकवून देई. एकदा नाव लागलं की प्रवास संपेपर्यंत ती जागा त्या माणसाची.

आपल्याकडे डेकला उलटा अर्थ होता. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या बोटींवर डेकचं तिकीट म्हणजे स्वस्तातलं तिकीट. सतरंजी पसरायची आणि पडायचं. मुंबईहून जेद्द्याला जाणाऱ्या हजच्या बोटींवरही डेक हाच गरिबाचा वर्ग होता. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीत ज्यांनी समुद्रप्रवास केला, त्यांत या हाजींचाही समावेश होतो. भारतातून समुद्रमार्गे हज 1995 साली बंद झाला. ज्यांच्या घरात ‘डेकने गेलो होतो’ हे बोलणं ऐकलेलं आहे, त्यांना डेकसाठी जादा पैसे हा प्रकार विचित्र वाटला तर नवल नाही.

1958 मध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि बोटींचा मूळ धंदाच बसला. पोहोचवणं विमानाकडे गेलं, बोटीकडे फिरवणं उरलं. मायामीहून कॅरिबियन बेटांकडे जाणाऱ्या सहली 1966 नंतर वाढल्या. रॉयल कॅरिबियन 1968 ची, कार्निव्हल 1972 ची. या कंपन्यांनी वर्गभेद मोडीत काढला. केबिन लहान-मोठी असेल, पण जेवणघर, तलाव आणि डेक सगळ्यांना सारखे. सुट्टीवर निघालेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला हे फार भावलं आणि क्रूझचा धंदा त्यावरच उभा राहिला. आजची जादा शुल्काची जागा समजून घ्यायची तर ही मधली तीसेक वर्षं लक्षात ठेवावी लागतात, कारण ‘डेक सगळ्यांचा’ ही अपेक्षा तेव्हाच रुजली.

ती मोडली जहाजांच्या आकाराने. रॉयल कॅरिबियनचं पहिलं जहाज ‘साँग ऑफ नॉर्वे’ 1970 साली आलं: लांबी सुमारे 168 मीटर, प्रवासी सातशेच्या आसपास. याच कंपनीचं 2024 चं ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे 365 मीटर लांब आहे आणि एका केबिनमध्ये दोघे धरले तरी 5,610 प्रवासी नेतं. लांबी दुपटीच्या थोडी वर, रुंदी साधारण दुप्पट, म्हणजे वरचं क्षेत्रफळ चौपट-साडेचारपट. प्रवासी मात्र जवळपास आठपट. मजले वाढवले की केबिनी वाढतात, उघडं आभाळ वाढत नाही. त्यातच पाण्याच्या घसरगुंड्या, चढाईची भिंत, मुलांचे तलाव हे सगळं वरच ठेवावं लागतं. उरलेल्या जागेत खुर्च्यांची मारामारी होणारच.

सकाळी सहाला टॉवेल आणि पुस्तक टाकून खुर्ची अडवायची आणि अकराला येऊन बसायचं, हा जगभरच्या क्रूझवरचा जुना रोग आहे. कार्निव्हलने 2013 च्या सुमारास त्यावर 40 मिनिटांचा नियम आणला. कर्मचारी रिकाम्या खुर्चीवर वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवतो. तेवढ्या वेळात कुणी फिरकलं नाही तर सामान उचलून टॉवेलच्या काउंटरवर जमा होतं. नियम चांगला, पण तो राबवायला सतत फिरणारा माणूस लागतो आणि प्रवाशाशी वाद घालायची त्याची तयारी लागते. गर्दीच्या दिवशी दोन्ही कमी पडतात.

गर्दीबरोबर आवाजही वाढला. 1998 मध्ये डिस्नेचं पहिलं जहाज ‘डिस्ने मॅजिक’ निघालं आणि कुटुंबासाठी क्रूझ हा वेगळा बाजारच तयार झाला. त्याच जहाजावर मोठ्यांसाठी वेगळा तलाव होता, ही बाब महत्त्वाची आहे: मुलांसाठी जहाज बांधणाऱ्यांनाही मोठ्यांचा कोपरा आखावा लागला. रॉयल कॅरिबियनने नव्वदीच्या दशकातच काचेच्या छताखालचा ‘सोलारियम’ दिला होता. या जागा वयाने राखीव होत्या, पैशाने नाही. 2001 च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर लोक विमान टाळू लागले, कंपन्यांनी गाडीने गाठता येतील अशा बंदरांतून जहाजं सोडली आणि मुलाबाळांसह येणारी कुटुंबं आणखी वाढली.

प्रिन्सेस क्रूझेसची पावलं इथे नीट पाहण्यासारखी आहेत. 2004 मध्ये या कंपनीने ‘कॅरिबियन प्रिन्सेस’च्या तलावाशेजारी सुमारे 300 चौरस फुटांचा पडदा उभारला. दिवसा गाण्यांचे कार्यक्रम, रात्री उघड्यावर सिनेमा. तो लोकप्रिय झाला आणि मधला डेक दिवसभर गाजू लागला. दोनच वर्षांनी, 2006 मध्ये, त्याच कंपनीच्या ‘क्राउन प्रिन्सेस’वर ‘द सँक्चुअरी’ आलं: मोठ्यांसाठी राखीव, निम्मं छताखाली, दिमतीला खास सेवक आणि शुल्क लावलेलं. सुरुवातीला रक्कम लहान होती. पुढच्या दशकात ती साधारण अर्ध्या दिवसाला 20 आणि पूर्ण दिवसाला 40 डॉलरवर गेली. आधी डेकवर आवाज आणला आणि मग त्यापासून दूर बसायची सोय विकली, असं कुणी म्हटलं तर ते खोडून काढणं अवघड आहे. तरी ती जागा नीट आखलेली होती हेही खरं. मागणी इतकी आली की कंपनीने जुन्या जहाजांवरही डेक तोडून-जोडून ती बसवली.

शुल्काचं मुख्य काम कमाईपेक्षा गाळणीचं आहे. मोफत ठेवली तर ती जागा तासाभरात मधल्या डेकसारखीच भरेल. तुळजापूरला सशुल्क दर्शनाचा पास घेणाऱ्याला देवी तीच दिसते, वाट पाहणं कमी होतं. इथेही समुद्र आणि ऊन तेच असतं, गर्दी कमी होते. पण कमाईचा भागही दुर्लक्षून चालणार नाही. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नात जहाजावरच्या खर्चाचा वाटा साधारण 30 टक्के असतो. तिकिटाचे दर स्पर्धेमुळे दाबलेले असतात, म्हणून दारू, सहली, स्पा, खास जेवणघरं आणि राखीव डेक यांवर भिस्त असते.

पुढे प्रत्येक कंपनीने आपापली तऱ्हा काढली. एमएससीने 2008 मध्ये ‘फँटाझिया’वर ‘यॉट क्लब’ आणला. महागड्या केबिनवाल्यांचा स्वतंत्र डेक, तलाव, जेवणघर, म्हणजे जहाजात जहाज. नॉर्वेजियनने 2013 च्या ‘ब्रेकअवे’वर ‘व्हाइब बीच क्लब’ या राखीव डेकचे मर्यादित पास विकले, तेही पूर्ण प्रवासाचे. कार्निव्हलने मात्र ‘सेरेनिटी’ हा मोठ्यांचा डेक मोफतच ठेवला. सगळं जहाजच मोठ्यांचं करणारेही आहेत: व्हर्जिन व्हॉयेजेस 2021 पासून 18 वर्षांखालच्यांना घेतच नाही. अलीकडे ही कल्पना जमिनीवरही उतरली आहे. रॉयल कॅरिबियनच्या बहामातल्या कोकोके बेटावर जानेवारी 2024 मध्ये मोठ्यांसाठी जादा शुल्काचा किनारा सुरू झाला.

आता हिशोबाचं. डॉलर 85 रुपये धरला तर 40 डॉलरप्रमाणे दोघांचा एक पूर्ण दिवस 6,800 रुपयांना पडतो. ही रक्कम वाजवी ठरते ती फक्त ‘सी डे’ला, म्हणजे जहाज दिवसभर समुद्रातच असतं त्या दिवशी. बंदरात थांबायच्या दिवशी निम्म्याहून जास्त लोक उतरून जातात, मधला डेकही निवांत असतो, तेव्हा पैसे देण्यात अर्थ नाही. तीन-चार रात्रींच्या क्रूझमध्ये असा दिवस बहुधा एकच येतो, म्हणून पूर्ण प्रवासाचा पास घेणं तोट्याचं. सात रात्री आणि तीन सी डे असतील तर गणित बदलतं.

नोंदणी शक्यतो ॲपवर निघण्याआधीच करावी. ॲपवर मिळत नसेल तर चढल्या-चढल्या, जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी, थेट त्या डेकवरच्या टेबलाशी जावं. पहिल्या दिवशी दुपारीच सी डेचे पास संपतात. खराब हवेमुळे एखादं बंदर रद्द झालं तर अचानक आणखी एक सी डे तयार होतो आणि मग धावपळ उडते. तशी घोषणा होताच नोंदणी करावी. पैसे केबिनच्या खात्यावर चढतात आणि शेवटी जोडलेल्या कार्डातून कापले जातात, त्यामुळे फॉरेक्स कार्डवर तेवढी शिल्लक हवी. पाऊस आला तर परतावा मिळतो का, हे पास घेतानाच विचारून घ्यावं.

नोंदणीआधी डेकच्या नकाशावर ती जागा कुठे आहे ते पाहावं, इथेच बहुतेकांची फसगत होते. बऱ्याच जहाजांवर असा डेक पुढच्या टोकाला, सर्वात वर असतो. जहाज 20 नॉटने चाललं की बाहेर हवा स्थिर असली तरी समोरून ताशी 37 किलोमीटरचा वारा लागतो. त्यात समोरून 15 नॉटचा वारा आला तर एकूण ताशी 65 किलोमीटर. काचेची आडभिंत असते, पण तिच्यापासून लांबच्या रांगेत वारा पुन्हा खाली उतरतो. ओढणी, टोपी, वर्तमानपत्र काही टिकत नाही. वारा फार वाढला तर डेक बंदही करतात. म्हणून काचेलगतची किंवा छताखालची खुर्ची मागावी. मागच्या टोकाला वारा कमी, पण चिमणीचा धूर आणि काजळी तिकडे येऊ शकते. उन्हाचंही तसंच. जहाज दक्षिणेकडे चाललं असेल तर दुपारी पश्चिमेचं ऊन उजव्या बाजूला येतं, उत्तरेकडे असेल तर डाव्या. अर्धा दिवस घ्यायचा तर दुपारच्या सत्रासाठी उलट बाजूची खुर्ची धरावी.

वयाची अट प्रत्येक कंपनीची वेगळी. प्रिन्सेसच्या सँक्चुअरीला 18, रॉयल कॅरिबियनच्या सोलारियमला 16, कार्निव्हलच्या सेरेनिटीला 21. बारावी झालेला मुलगा एका ठिकाणी चालतो, दुसऱ्या ठिकाणी दारातून परत येतो. तीन पिढ्या एकत्र निघालेल्या कुटुंबाला हा मोठा मुद्दा आहे. आजी-आजोबांना वर बसवायचं, मुलांना किड्स क्लबमध्ये सोडायचं आणि मधल्या पिढीने पाळीपाळीने वर जायचं, अशी विभागणी आधी ठरवली तर पास वाया जात नाही. खाणं हलकं असतं. शाकाहारी, त्यातही कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तिथल्या मेनूवर विसंबू नये, आधी मुख्य जेवणघरात जेवून यावं. लिफ्ट नेमकी त्या मजल्यापर्यंत जाते की शेवटचा जिना चढावा लागतो, हेही गुडघेदुखी असलेल्यांसाठी विचारून ठेवावं.

देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबईला उतरून तिथूनच जहाज धरायचं असेल तर चित्र वेगळं आहे. सप्टेंबर 2021 पासून मुंबईहून निघणारं कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे मूळचं रॉयल कॅरिबियनचं 1990 सालचं ‘नॉर्डिक एम्प्रेस’. तीन-चार रात्रींच्या सहलींसाठीच बांधलेलं, सुमारे 48,500 टनांचं. हे जहाज सँक्चुअरीच्या सोळा वर्षं आधीचं, डेक सगळ्यांचा असण्याच्या काळातलं आहे. तिथे निवांत जागा हवी तर पैशापेक्षा वेळ साधावी लागते: सूर्योदयाचा तास, जेवणाची वेळ, किंवा शो सुरू असतानाची रात्र.

प्रिन्सेसने 2024 च्या ‘सन प्रिन्सेस’वर पुढची पायरी गाठली आहे. तिथे ‘सँक्चुअरी कलेक्शन’ नावाच्या केबिनी आहेत आणि राखीव क्लबचा हक्क त्या केबिनच्या दरातच धरलेला आहे. त्यामुळे नव्या जहाजावर बुकिंग करताना टूरवाल्याला राखीव डेकचा दर विचारण्याआधी हे विचारावं की तो डेक दिवसाच्या पासवर मिळतो की केबिनच्या वर्गाला जोडलेला आहे. केबिनला जोडलेला असेल तर चढल्यावर काही करता येत नाही, निर्णय तिकीट काढतानाच घ्यावा लागतो.