पार्कने उलटा रडर दाबला तेव्हा

25 ऑगस्ट 1912. सॅलिसबरीजवळच्या लार्कहिल इथे ब्रिटिश लष्करासाठी विमान निवडायची स्पर्धा सुरू होती. नौदलाचा लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क तीन तासांच्या उड्डाणाची चाचणी आटोपून ॲव्ह्रो कंपनीचं बंद केबिनचं विमान खाली आणत होता. सोबत लेफ्टनंट ले ब्रेटन. सुमारे 700 फुटांवर, वळत वळत उतरताना नाक जरा जास्तच खाली गेलंय असं वाटून पार्कने ते वर ओढलं. त्यासरशी विमान डावीकडे कोसळलं आणि गरगरत खाली निघालं.

आज याला स्पिन म्हणतात. तेव्हा स्पिन म्हणजे मरण, असा सरळ हिशोब होता. पॅराशूट नव्हतंच.

पंख हवेला ठरावीक कोनापर्यंतच भिडवता येतो. साधारण 15 अंशांच्या पुढे वरून वाहणारी हवा पंखाला सोडते आणि उचल घसरते, हाच स्टॉल. विमान त्याच वेळी एका बाजूला वळत असेल, तर आतल्या बाजूचा पंख जास्त स्टॉल होतो. त्याची उचल आणखी कमी, हवेचा अडथळा आणखी जास्त. त्यामुळे विमान त्याच बाजूला आणखी वळतं, आणि वळल्यामुळे तो पंख आणखी स्टॉल होतो. हे चक्र आपसूक चालू राहतं.

पार्कने आधी त्या काळच्या समजुतीप्रमाणेच सगळं केलं. इंजिनला पूर्ण जोर दिला, नाक वर ओढून धरलं, रडर (शेपटीवरचं, विमान डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू) वळणाच्याच दिशेला दाबला. उपयोग शून्य. आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातोय हे त्याला जाणवत होतं. तोल सावरायला त्याने एका हाताने केबिनचा खांबही धरला. जमीन जेमतेम 50 फुटांवर असताना त्याने रडर पूर्ण उजवीकडे, म्हणजे गिरकीच्या उलट दाबला. गिरकी तिथल्या तिथे थांबली, विमान सरळ झालं.

मला खरी कमाल वाटते ती पुढची. उतरल्यावर पार्कला हातापायांची एकेक हालचाल क्रमाने सांगता आली. ‘फ्लाइट’ साप्ताहिकाने ती छापली आणि ‘पार्क्स डाइव्ह’ हे नाव रूढ झालं. स्पिनमधून बाहेर पडल्याची ही पहिली नीट नोंद.

पार्कला पुढे चारच महिने मिळाले. 15 डिसेंबर 1912 ला वेम्बलीत हँडली पेज कंपनीचं मोनोप्लेन (एकाच पंखजोडीचं विमान) कोसळून तो गेला. वैमानिकांची स्पिनची धास्ती मात्र तशीच राहिली. 1916 मध्ये फ्रँक गुडनने फार्नबरोला मुद्दाम विमान स्पिनमध्ये घातलं. मग तिथेच फ्रेडरिक लिंडेमन हा भौतिकशास्त्रज्ञ स्वतः विमान चालवायला शिकला आणि गरगरत असताना वेग-उंचीची मापं घेऊ लागला.

आज शिकाऊ वैमानिकाला साधारणपणे शिकवतात ते असं: इंजिन मंद करा, रडर गिरकीच्या उलट दाबा, मग स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करणारा दांडा, पुढे ढकला. यातलं पार्कने एकच बरोबर केलं होतं.